वहीतले नऊ कोरे रविवार

अशोक,

परवा तुझ्या पुण्यानुमोदनाला मी पाच मिनिटं बोललो. भंतेजींचं झालं, तुझ्या मेहुण्याचं झालं, मग कुणीतरी म्हणालं, गजाननभाऊंनी दोन शब्द बोलावे, बावीस वर्षं एका सबस्टेशनात होते. मी उभा राहिलो. म्हणालो, आमच्यात कधी वाकडा शब्द झाला नाही. म्हणालो, अशोकनं शेवटी आपलं काम विश्वासानं माझ्या हाती दिलं आणि ते मी जसंच्या तसं चालू ठेवलं आहे. लोकांनी माना हलवल्या. मी खाली बसलो आणि मला माझ्याच तोंडाची शिसारी आली. समोर पान वाढलं होतं. घास उचलला आणि परत ठेवला. बाजूचा माणूस म्हणाला, जीव लागला होता भाऊंचा. मी तेही ऐकून घेतलं.

मंडपाच्या तोंडाशी विक्कीनं लावलेला फ्लेक्स होता. विक्की म्हणजे माझ्या बायकोचा मावसभाऊ. अकोल्यात त्याचं वेबसाइटी आणि सर्व्हर भाड्यानं देण्याचं दुकान आहे. फ्लेक्सवर तुझा जुना ओळखपत्राचा फोटो फुगवून लावलेला, खाली 'भावपूर्ण आदरांजली', आणि त्याच्याखाली दुकानाचं चिन्ह अन् फोन नंबर. तू वाढदिवसालाही स्वतःचा फ्लेक्स लावू दिला नव्हतास. तुझ्या हनुवटीखाली कुणाची तरी जाहिरात लटकत होती आणि मी तिच्याखालून चार वेळा आतबाहेर केलं. काढला नाही.

खरं काय ते आधीच लिहून टाकतो, नाहीतर मी पुन्हा गोल गोल फिरेन. तुझा सर्व्हर बीएसडीवर नव्हता. सात महिने नव्हता. दर रविवारी मी तुला फोनवर सांगत होतो की आहे. तू स्वतः तपासशील या भीतीनं मी मशीनलाही खोटं बोलायला शिकवलं होतं.

हे मी तुझ्याच इंटरनेटवरच्या पानावर टाकतो आहे, विहिरींच्या तक्त्याखाली. तिथं येणारी माणसं भाजीपाला करणारी. त्यांना पाण्याची पातळी समजते, बीएसडी म्हणजे काय ते माहीत असायचं कारण नाही. तेव्हा थोडं त्यांच्यासाठीही लिहावं लागेल. तू ऐक. तुला माहीत असलेलंच आहे.

तुझी सुरुवात इंझोरीतल्या तुमच्या विहिरीपासून. दोरीला हाताहातावर गाठ, टोकाला दगड, रविवारी सकाळी दोरी सोडायची आणि कितव्या गाठीला पाणी लागलं ते मोजायचं. तुझा बाप हे करायचा आणि कोळशानं भिंतीवर लिहायचा. तू ते इंटरनेटवर नेलंस. एका विहिरीच्या सदतीस झाल्या. माणसं फोन करून गाठी सांगत, तू त्या पानावर चढवायचास. पान इतकं साधं की जुन्यात जुन्या मोबाइलवरही उघडतं. माझा भाऊ मालेगावच्या रस्त्याला वांगी अन् मेथी करतो. उन्हाळ्यात टमाटर लावायचं की नाही हे तो तुझं पान पाहून ठरवतो, बायकोला विचारून नाही.

एखाद्यानं फोन केला नाही की त्याच्या विहिरीचं घर तू कोरं ठेवायचास. माझ्या भावानंच एकदा तुला म्हटलं होतं, "अशोकभाऊ, मांगच्या ऐतवारी इतकंच टाका ना. तेवढंच असन."

"असन नाई चालत बापा. जाय, दोरी सोड, मंग सांग."

"तीन मैल जाऊ आता दोरी सोडाले?"

"नको जाऊ. मी कोरं ठेवतो. कोऱ्यानं कोनाचं पीक नाई जळत."

आता सर्व्हर. हे पान राहायला जागा लागते. व्हर्च्युअल सर्व्हर म्हणजे कुठल्याशा शहरातल्या मोठ्या मशीनमधली भाड्याची खोली. त्या खोलीत मशीन चालवणारी प्रणाली कोणती टाकायची हे भाडेकरूनं ठरवायचं असतं. पण जवळजवळ सगळे खोलीवाले लिनक्स मांडूनच ठेवतात. दुसरं काही हवं म्हटलं की ते तोंडाकडे बघतात. तुला दुसरंच हवं होतं. बीएसडी. आपल्या जिल्ह्यात तुझ्याशिवाय हे नाव कुणी घेतलं असेल असं मला वाटत नाही.

"काहून बे एवढा हट्ट?" मी विचारलं होतं. आपण स्विचयार्डच्या कुंपणाशी उभे होतो, तू शेंगदाणे खात होतास.

"लिनक्स वाईट नाई. पन याचं पुस्तक पाय तू. जे मशीनमंदी हाये तेच पुस्तकात हाये, अन् पुस्तक मशीनमंदीच बसलेलं हाये. मले कोनाले इचाराले जा लागत नाई."

"इचारलं त काय बिघडलं?"

"इचाराले गेलं का पह्यले आडनाव इचारते गड्या. पुस्तक नाई इचारत."

मी हसलो होतो. तू हसला नव्हतास, शेंगदाण्याची साल फुंकत होतास. इंग्रजीत नापास झालेला माणूस तू. डिक्शनरी मांडीवर घेऊन तू ते आख्खं मॅन्युअल वाचलंस. छापून घेऊन त्याला बाइंडिंग केलंस. मला जे काही येतं ते तू त्या पुस्तकातून वाचून दाखवलेलं आहे. हे उपकार म्हणून लिहिणार होतो. पण पुढं मी त्याचं काय केलं ते वाचल्यावर हा शब्द मलाच सडका वाटेल, म्हणून राहू दे.

तुझा जुना सर्व्हरवाला परदेशातला, लहान. त्याचं पत्र आलं की महिन्याभरात धंदा बंद करतो आहोत, आपापलं सामान हलवा. नेमकं त्याच महिन्यात तुझं डायलिसिस सुरू झालं, आठवड्यातून तीनदा अकोला. दिवसभरात किती पाणी प्यायचं ते डॉक्टरनं आखून दिलं होतं. "सदतीस हिरीचं पानी मोजतो," तू म्हणालास, "अन् मले पेला भरून नाई." मग म्हणालास, "गजू, सर्व्हरचं तू पाय."

एका जुन्या लॉगशीटच्या पाठीवर तू मला काय काय विचारायचं ते लिहून दिलंस. माझी स्वतःची प्रणाली मी माझ्या डिस्कवरून चढवू शकतो का? नेटवर्क बंद पडलं तरी मशीनचा पडदा मला ब्राउझरमधून दिसेल का? खोलीला स्वतःचं मीटर आहे, की मालकाच्याच मीटरवरून वायर ओढली आहे? हा शेवटचा प्रश्न तू मुद्दाम आपल्या भाषेत लिहिलास. काही दुकानदार व्हर्च्युअल सर्व्हर म्हणून विकतात ती खरी खोली नसतेच, एकाच लिनक्समध्ये पडदे लावून केलेले कप्पे असतात. त्यात दुसरी प्रणाली चालूच शकत नाही. "आकडा टाकलेली लाइट," तू म्हणालास, "बल्ब पेटते, पन तुह्या नावचं कनेक्शन नसते." आणि सगळ्यांत खाली, दोन रेघा ओढून: 'हो म्हणाला तरी एक दिवस लावून पाहा.'

मी पंधरा दिवस विचारत फिरलो, म्हणजे चॅटच्या खिडक्यांत टाइप करत बसलो. त्या खिडक्यांचा मला अजून वीट आहे. एक म्हणे, आमच्याकडे आहे. यादीत पाहिलं तर इतकी जुनी आवृत्ती की तिची दुरुस्ती कधीच थांबलेली. एक म्हणे, चालेल, पण बिघडलं तर आम्हाला विचारायचं नाही. एकानं माझ्या चार ओळींच्या प्रश्नाला हसरा चेहरा पाठवला आणि लिहिलं, लिनक्स का नाही वापरत सर? एकीनं नाव सांगितलं, माझी मदत करायला तिला आनंद होतो आहे म्हणाली, आणि अर्ध्या तासानं कळलं की तिथं बाई नव्हतीच, यंत्र होतं. ढेकूण चिरडल्यावर बोट धुवावं तसं मी प्रत्येक खिडकीनंतर उठून तोंडावर पाणी मारायचो.

या सगळ्यात एका जेवणाला विक्की भेटला. मी विषय काढला. तो कोशिंबिरीत चमचा फिरवत म्हणाला, "भाऊजी, टेन्शनच नका घेऊ. कोनतीबी सिस्टीम टाका, आपल्याकडे सारं चालते." मला एकदम हलकं वाटलं. घरचा पोरगा, आपल्याच बोलीत बोलतो, फोन केला तर उचलतो. तुझा कागद माझ्या खिशात होता. मी तो काढला नाही. घरच्या माणसाला कागद काढून प्रश्न विचारायचे कसे?

दुसऱ्या दिवशी तुझ्याकडे आलो. तू पलंगावर, हाताला पट्टी.

"भेटला का कोनी?"

"भेटला. अकोल्याचा विक्की. आपला मानूस हाये."

"लावून दाखोलं त्यानं?"

"अबे, तो म्हनते कोनतंबी चालते. घरचा पोरगा हाये, खोटं काहून बोलन?"

"खोटं नाई बोलत. त्याले मालूमच नसन. जो इचारल्याबरोबर हो म्हनते ना, त्यानं कधी लावून पाह्यलं नसते."

"तुले त साऱ्यायवर शक."

"मले माह्या मशीनवर बी शक हाये. दर ऐतवारी तिले इचारतो, तू कोन? ती काय परकी हाये?" तू पट्टीखाली खाजवलंस. मग भिंतीकडे पाहत म्हणालास, "अन् आपला मानूस म्हंजे कोनाचा रे? तुमच्या आळीतला, का आपल्या दोघायचा?"

"आता हे कायले काढतं?"

"नाई काढत," तू म्हणालास. मग तू सुजाता वहिनींना चहा ठेवायला सांगितलंस, माझ्या एकट्यासाठी.

हे आपलं भांडण. पाच-सहा वाक्यांचं. मंडपात मी ज्याला 'वाकडा शब्द झाला नाही' म्हणालो ते हेच. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हाही माहीत होतं आणि ते मी दिलं नाही. माझ्या मुलीच्या लग्नात तू आलास तेव्हा मी तुला म्हटलं होतं, "लाइटीचं तूच पाय बापा, दुसऱ्यावर भरोसा नाई." तू नवे कपडे घालून पूर्ण लग्न जनरेटरपाशी उभा होतास. मंगलाष्टकं तुला जनरेटरच्या आवाजात ऐकू आली असतील, दिसलं काहीच नाही. विक्की पहिल्या रांगेत होता, त्याच्या गळ्यात माझ्या हातचा मानाचा टॉवेल. तू जेवलास तेव्हा कढी संपली होती. मला त्या दिवशी यात काही वावगं दिसलं नव्हतं. उलट वाटलं होतं की मी तुला मान दिला.

विक्कीकडची खोली घेतली. आत शिरलो तर सात प्रकारचं लिनक्स मांडलेलं, आणि आपली डिस्क जोडायला जागाच नाही. तू म्हणाला होतास तेच: आकड्यावरची लाइट. मी त्याला फोन लावला.

"भाऊजी, ते बीएसडी-फीएसडी आता कोन वापरते? लिनक्स टाका ना. पान त दिसनच."

"अरे पन त्याले तेच पायजे."

"त्यायले काय समजते भाऊजी? ते त दवाखान्यात हायेत."

मी फोन आपटायला हवा होता. मी "बरं" म्हणालो. जुना सर्व्हर बंद व्हायला तीन दिवस होते, हे एक. विक्कीला नाही म्हटलं तर बायकोच्या मावशीच्या घरापर्यंत पोचलं असतं, हे दुसरं. ही दोन कारणं मी सात महिने स्वतःला सांगत आलो. तिसरं कारण खरं आहे: मला तुझा कंटाळा आला होता. तुझ्या प्रश्नांचा, तुझ्या कागदाचा, आजारी पडूनही बरोबर असण्याचा. विक्कीचं ते वाक्य मला घाण वाटलं, आणि त्याच वेळी सोयीचं वाटलं.

मग दुपारच्या ड्युटीत बसून मी ते केलं. मशीनला 'तू कोण' असं विचारायचा एक हुकूम असतो, युनेम. तूच मला पहिल्यांदा शिकवलेला. मी त्याच्या जागी माझा तीन ओळींचा हुकूम ठेवला: कुणी विचारलं की म्हणायचं, बीएसडी. आत शिरताना जो मजकूर पडद्यावर येतो तो तुझ्या जुन्या मशीनवरून जसाच्या तसा उतरवला, आवृत्तीच्या आकड्यासकट. दोनदा तपासलं. आयुष्यात मी मनापासून, चूक न करता केलेलं बहुधा हे एकच काम.

तुझी वही सुजाता वहिनींनी सगळ्यांना दाखवली. सबस्टेशनच्या लॉगशीटसारखी आखलेली: तारीख, प्रणाली, किती दिवसांपासून चालू, डिस्क किती भरली, सही. आपल्या कामात दुसऱ्या ठिकाणचं रीडिंग फोनवरून आलं तर सांगणाऱ्याचं नाव पुढं लिहितात. तू तसंच करायचास. दर रविवारी मी फोन करायचो.

"सांग."

"प्रणाली बीएसडी. चालू एकोनतीस दिवस. डिस्क अर्धी."

"हं."

आणि तिकडं तू लिहायचास, 'गजूकडून'.

वहीचं तुझं हे वळण किती जुनं ते मला ठाऊक आहे, कारण मी त्यातून गेलो आहे. मी नवा होतो. दर तासाला मीटरसमोर उभं राहून आकडा लिहायचा, तर मी दुपारी दोनलाच संध्याकाळपर्यंतचे सगळे आकडे अंदाजानं भरून बाजाराला गेलो. चारला फीडर ट्रिप झाला. दीड तास लाइन मेलेली, आणि माझ्या कागदावर त्या दीड तासाचे करंट व्यवस्थित लिहिलेले. मी खोडरबर शोधत होतो. तू माझा हात धरलास.

"घासू नको. एक रेघ मार अन् सही कर. काय लिवलं होतं ते वाचता आलं पायजे."

"साहेब पाह्यतीन त?"

"पाहू दे. मी बी सही करतो बाजूले."

तुझा काही संबंध नव्हता. तू ड्युटीवरही नव्हतास, डबा विसरला होता म्हणून आला होतास. तुझी सही माझ्या सहीशेजारी अजून कुठल्यातरी गठ्ठ्यात असेल. हा उपकार मात्र मी लिहितो, याला मी हात लावलेला नाही.

मधल्या काळात एका रविवारी, मी आकडे सांगून झाल्यावर तू म्हणालास, "अजून काई सांगाचं राह्यलं का गजू?"

"नाई."

"बरं."

पुढच्या रविवारी परत तेच. मला वाटलं, आजारी माणूस आहे, एकटा असतो, बोलायला हवं असेल. मी दोन मिनिटं क्रिकेटवर बोललो. तू ऐकून घेतलंस. मी जरा वैतागूनही बोललो असेन एकदा. त्यानंतरही दर रविवारी तू विचारलंस.

पुण्यानुमोदनाच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे काल, मी तुझ्या घरी गेलो. रविवार येतो आहे, तक्ता कुणीतरी चढवायला हवा, तुझा लॅपटॉप घ्यायला म्हणून गेलो. प्रज्ञा होती, तुझी ही एकुलती एक लेक वाशीमच्या शाळेत शिकवायला लागल्यापासून जरा जास्तच नीट बोलते. वहिनींनी वही पुढं केली.

"भाऊ, यात काय लिवलं ते मले समजत नाई. पन शेवटपावतर मांगत होते. पाहा तुमीच."

मी पानं उलटली. तुझं अक्षर शेवटी शेवटी थरथरलेलं, तरी ओळीत. माझ्या खोट्या आकड्यांची पानं. बीएसडी, बीएसडी, बीएसडी, गजूकडून. मग एका तारखेपासून प्रणालीचं घर कोरं. बाकीची सगळी भरलेली: चालू किती दिवस, डिस्क किती, सही. फक्त तेवढं एक घर कोरं. मोजली. नऊ रविवार. त्या नवांपैकी प्रत्येक रविवारी मी तुला फोनवर 'प्रणाली बीएसडी' म्हणालो होतो आणि तू 'हं' म्हणाला होतास.

मी तिथंच लॅपटॉप उघडून सर्व्हरमध्ये शिरलो आणि तुझ्या नावानं कुठले हुकूम दिले गेले त्याची यादी काढली. तक्ता चढवायला आत शिरावं लागत नाही, म्हणून एकाच दिवशी शिरला होतास, पहिल्या कोऱ्या रविवारच्या आदल्या शनिवारी. आधी विचारलंस, तू कोण? माझा तो चोर हुकूम म्हणाला, बीएसडी. मग तू बीएसडीशिवाय कुठंच नसतो असा एक हुकूम दिलास, तिथल्या फायरवॉलचे नियम दाखवणारा. मशीनला तो हुकूमच माहीत नव्हता. मग तू त्या हुकुमाचं पुस्तकातलं पान मागितलंस. पान नव्हतं. मग पुन्हा एकदा विचारलंस, तू कोण? आणि बाहेर पडलास. चार ओळी.

ते दुसऱ्यांदा विचारणं मला सहन होत नाही. पहिलं मशीनला होतं.

मी वहिनींना सांगितलं. सगळं, जेवणातल्या कोशिंबिरीपासून. वहिनी पदराची किनार दुमडत राहिल्या. प्रज्ञानं विचारलं, "काका, ते युनेमचं तुम्हाला कुणी शिकवलं होतं?"

"तुह्या बाबानं."

"मग बरोबर. त्यांनी चांगलंच शिकवलं होतं."

यापेक्षा तिनं चप्पल फेकली असती तर मला सोपं गेलं असतं.

थोड्या वेळानं वहिनी म्हणाल्या, "मी इचारलं होतं त्यायले. म्हटलं बाकी सारं भरता, हे एकच घर कोरं काहून ठेवता? त म्हने, ते गजूचं हाये. तो येईन अन् भरन."

तू मला माफ केलंस असं यातून मी काढणार नाही. मंडपात बसलेल्यांना ते आवडलं असतं, मला ते नासल्या दुधासारखं वाटतं. तू कुणाच्या वतीनं काही लिहीत नव्हतास, एवढंच यात आहे. मला रागावायला तू एक फोन करू शकला असतास. त्याऐवजी नऊ वेळा मला विचारलंस आणि नऊ वेळा माझी जागा माझ्यासाठी सोडलीस. आणि मी क्रिकेटवर बोललो.

आज सकाळी प्रज्ञा आणि मी तुझा कागद समोर ठेवून बसलो. तिनं तीन सर्व्हरवाल्यांना प्रश्न जसेच्या तसे विचारले, मीटरचा तेवढा त्यांच्या भाषेत. दोघांनी विचारल्याबरोबर हो म्हटलं. तिनं त्यांना सोडून दिलं. तिसऱ्यानं लिहिलं की मला स्वतःला खात्री नाही, पण डिस्क जोडायची सोय आहे, एक दिवस लावून पाहा, नाही जमलं तर सोडून द्या. प्रज्ञा म्हणाली, हा. डिस्क चढवली. पहिल्यांदा मशीनला स्वतःची डिस्क दिसेना, दुसऱ्यांदा नेटवर्क आलं नाही. पण ब्राउझरमध्ये पडदा दिसत होता, म्हणून कुठं अडलं ते वाचता आलं, आणि तुझ्या बाइंडिंग केलेल्या पुस्तकात त्याचं पान होतं, समासात तुझी पेन्सिल. दुपारी मशीन उठली. सदतीस विहिरी तिच्यावर चढवल्या. हे तुम्ही वाचता आहात ते तिच्यावरूनच. विक्कीला फोन करून सांगितलं की तुझी खोली सोडली आणि तो फ्लेक्स उतरव. तो म्हणाला, "भाऊजी, घरच्याघरी असं करता का?" मी म्हणालो, "अशोक बी घरचाच होता." हे मी बावीस वर्षं उशिरा म्हणालो आणि ऐकायला विक्की होता.

मग वही घेतली. आधीच्या पानांवर, जिथं तू माझ्या शब्दावर 'बीएसडी' लिहिलं होतंस, तिथं प्रत्येक ठिकाणी एक रेघ मारली, वाचता येईल अशी, आणि शेजारी सही केली. नंतर ती नऊ घरं. तुझा नियम, न पाहिलेलं रीडिंग लिहायचं नाही. ही नऊही मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेली होती. नऊ वेळा लिहिलं, लिनक्स. नऊ वेळा सही केली. वहिनी उभ्या राहून बघत होत्या. पाचव्या घराला हात थांबला तेव्हा म्हणाल्या, "करा पुरं."

त्याखाली आजची ओळ. आज रविवार नाही, पण मशीन आज उठली. प्रज्ञानं पेन माझ्याकडून घेतलं आणि तारीख घातली. मी पडद्याकडे पाहून म्हणालो, "प्रणाली बीएसडी."

तिनं लिहिलं नाही. लॅपटॉप माझ्यासमोरून स्वतःकडे ओढला, स्वतः टाइप करून विचारलं, तू कोण. मग फायरवॉलचा तो हुकूम दिला. मग पुस्तकातलं पान मागवलं. तिन्ही उत्तरं वाचून झाल्यावर तिनं ते घर भरलं आणि पुढं सही केली. त्या ओळीत माझं नाव नाही.